अठरा चाकं आणि तिसरं विचारणं

बिलिंग्ज, मोंटाना
१९ फेब्रुवारी २००१

प्रिय सेल्मर,

तुझं पत्र येईल म्हणून महिनाभर वाट पाहिली. आता मीच लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, आणि तेवढं ऐकायला मी कशाला खुर्ची ओढून बसू?

गेल्या एप्रिलमध्ये तू अकरा दिवस चिखलात अडकून पडलास. शेवटचे तीन दिवस तू आणि टिलीने डब्यातल्या मक्यावर काढले, हे तू नाही सांगितलंस, शेजारच्या ऑर्डीनच्या व्हर्नाने सांगितलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, सोबतीला म्हातारी कुत्री, आणि हमरस्त्यापर्यंत सात मैल चिकणमाती! पाय घसरून पडलास तर मला कळणार कधी? चिखल वाळल्यावर?

म्हणून विचारते. कुरण ऑर्डीनला खंडाने दे, गाई विकून टाक आणि बिलिंग्जला माझ्याबरोबर राहायला ये. मी सामान आवरायला घेतलंच आहे. माझ्या हॅरल्डला जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्याचे कोट कपाटात लटकत होते. तेही आता खोक्यात गेले.

हे मी दुसऱ्यांदा विचारतेय, तुझ्या लक्षात असेलच.

तुझी बहीण,
आर्डिस


रँचवरून
२६ फेब्रुवारी

प्रिय आर्डिस,

दुसऱ्यांदा विचारलंस, चांगलं लक्षात आहे. आपल्या आईच्या हाताखाली वाढलेलं पोर हे विसरेल कसं? कोणी कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, ‘नको, कशाला त्रास.’ दुसऱ्यांदा, ‘नको, खरंच नको.’ तिसऱ्यांदा विचारलं तर ते मनापासूनचं, मग घ्यायचीच. तिसऱ्यांदा नाही म्हणालो म्हणून आईने मला ऑर्डीनच्या घरी परत पाठवून माफी मागायला लावली होती, आठवतं? आपले नवे पाद्री कॅलिफोर्नियाचे. व्हर्नाने त्यांना कॉफी विचारली, तर पहिल्याच फटक्यात म्हणाले, ‘हो, द्या की!’ चर्चचं महिला मंडळ अजून सावरलेलं नाही.

तेव्हा बाई, हात जोडतो, तिसऱ्यांदा विचारू नकोस. विचारलंस तर मला यावं लागेल. मी इथेच जन्मलो, इथली प्रत्येक गाय मला शेपटीवरून ओळखू येते. तुझ्या सातव्या मजल्यावर बसून मी काय करू? वरून लोकांची टकलं मोजू?

शिवाय मी इलाज काढलाय. सैन्याने काढून टाकलेल्या चाकांचा लिलाव आहे. रानावनात चालणाऱ्या लष्करी गाड्यांची चाकं, सदतीस इंच उंच. त्यांना आठ बोल्ट, माझ्या एक टनी पिकअपलाही आठच, आणि तेही त्याच अंतरावर. देवाने मापं घेऊनच पाठवलीत म्हण. टायरच्या आत टणक रबराचं जाडजूड कडं असतं. गोळी लागून हवा गेली तरी गाडी तीस मैल पळते!

ईस्टरपर्यंत दम धर. ऐन चिखलात मी चर्चला जाऊन दाखवतो. पोचलो, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

बाकी ठीक. कधी सवड झाली तर इकडे ये. वरची पूर्वेकडची खोली रिकामीच आहे.

सेल्मर


बिलिंग्ज
५ मार्च

प्रिय सेल्मर,

तुझ्यावर गोळी कोण झाडणार आहे? टिली? जी चाकं सैन्यालाही नकोशी झाली ती तुला सोन्याची वाटावीत, यात मला नवल नाही. तू दूध काढायचं यंत्र आणलंस तेव्हाही देवानेच पाठवलं होतं. त्यात आता कोंबड्या झोपतात.

तरी ठरलं. १५ एप्रिल, ईस्टरचा रविवार. अकराच्या घंटेला तू आपल्या नेहमीच्या बाकावर हवास, डावीकडून तिसऱ्या, आणि बूट पुसलेले. व्हर्ना ऑर्गन वाजवते आणि समोरच्या आरशात तिला सगळं चर्च दिसतं, त्यामुळे थापा चालणार नाहीत. पोचलास तर जन्मात पुन्हा विचारणार नाही. उशीर झाला तर विचारीन, आणि तू मुकाट्याने येशील.

चाकं किती घेतलीस ते लिहिलं नाहीस. चारच घेतलीस ना?

मी इथे बरी आहे. लिफ्ट अधूनमधून बंद असते. सहाव्या मजल्यावरची मंडळी गेली, पाचव्यावरचीही. पण मी बरी आहे. स्वयंपाकघरातली निम्मी भांडी बांधून झाली.

आर्डिस


रँचवरून
१७ मार्च

प्रिय आर्डिस,

अठरा. ओरडू नकोस. सुटी विकत नव्हते, ढीगच उचलावा लागत होता.

चाकं ऑर्डीनच्या वर्कशॉपला नेली, त्याच्याकडे लेथ आहे म्हणून. बोल्ट आठ खरे, पण देवाने मधलं भोक मोजलं नव्हतं. माझ्या पिकअपच्या आसाचं टोक पुढे आलेलं आहे आणि चाकाचं भोक पडलं लहान. ऑर्डीन चाकाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, “सेल्मर, हे लग्न जमायचं तर नवऱ्याचं डोकं कापावं लागेल, नाहीतर नवरीची अंगठी मोठी करावी लागेल.” आम्ही अंगठी मोठी केली. एकेक भोक कापायला दोन तास लागले.

त्याआधी टायर उतरवायचे होते. हे चाक दोन अर्ध्यांचं असतं आणि कडेने गोल नट लावून जोडलेलं असतं. नटांना हात लावायच्या आधी सगळी हवा सोडायची, हे आम्हाला ठाऊक होतं आणि सोडलीही होती. एका चाकात थोडीशी राहिली असावी. कोणाला काही झालं नाही. व्हर्नाचा बदामाचा केक तेवढा वाया गेला. तिने मला दोनदा विचारलं होतं, मी दोनदा नको म्हणालो होतो, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आतच केक गेला. मी उपाशी घरी आलो.

तू खोकी भरतेयस ती माझी खाट मांडायला, एवढं न कळण्याइतका मी भोळा नाही. उगाच पाठ मोडून घेऊ नकोस. मी हरणार नाही.

बाकी ठीक. पहिलं वासरू झालं. सवड झाली तर ये इकडे, खोली रिकामीच आहे.

सेल्मर


बिलिंग्ज
२४ मार्च

सेल्मर,

‘थोडीशी राहिली असावी’ म्हणे! व्हर्नाने मला फोनवर सगळं सांगितलं. हवेची झडप चिखलाने बुजली होती, म्हणून फुस्स आवाज थांबला, आणि तुम्हा दोघा विद्वानांना वाटलं हवा संपली. चौथा नट सैल केल्यावर चाकाने उडी मारली, ऑर्डीनची टोपी छताला लागली आणि ते धूड केकच्या टेबलावरून भिंतीबाहेर गेलं. भिंतीबाहेर! तू अर्धा हात इकडे असतास तर व्हर्नाने मला केकची बातमी दिली नसती.

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून रडले. लिहायला लाज वाटते, पण तुला कळू दे. मला एकच भाऊ आहे. पैज जिंक, हर, काहीही कर, पण आधी झडपेत तार घालून बघत जा, गाढवा.

उरलेल्या चाकांचं काय करणार आहेस? एक दारात आडवं टाक आणि माती भर. पिटुनिया चांगल्या येतील, आईच्या यायच्या तशा. आग्नेयेकडच्या कोपऱ्यात लाव, तिथे वारा लागत नाही.

आर्डिस


रँचवरून
४ एप्रिल

प्रिय आर्डिस,

आता तार घालून बघतो. चुकलो. मीही त्या रात्री झोपलो नव्हतो, हवं तर टिलीला विचार.

चाकं बसली! पण काय सांगू, हौस करायला गेलो आणि वनवास पदरी आला. पहिल्यांदा बसवली तर टायर आत स्प्रिंगच्या पाट्यांना घासायला लागले, कारण ही चाकं गाडीच्या पोटात जास्त शिरतात. मग ऑर्डीनने आस आणि चाक यांच्यामध्ये लोखंडाच्या जाड चकत्या घातल्या. चाकं बाहेर आली आणि मडगार्डला घासायला लागली. मग पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी चार इंच उचलली, तरी घासतातच. शेवटी करवत घेतली आणि मडगार्डच कापलं. माझा पिकअप आता उंदरांनी कुरतडलेल्या पावासारखा दिसतो, पण स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळतं.

हे सगळं आम्ही माझ्या शेडमध्ये दार लावून केलं, गारठा होता म्हणून. संध्याकाळी दार उघडून गाडी बाहेर काढायला गेलो, तर टप वरच्या फळीला! गाडी आत आली तेव्हा सात इंच बुटकी होती. ऑर्डीन म्हणाला, “त्यात काय, हवा सोड.” सोडली. गाडी थोडीशी बसली आणि तिथेच थांबली. आतलं ते टणक कडं गं! तीस मैल पळायचं म्हणजे गाडीला खाली बसू द्यायचं नाही, हेच तर त्याचं काम. सैन्याने शत्रूसाठी केलेली सोय माझ्या दाराला नडली. ऑर्डीन इतका हसला की त्याची कवळी भुशात पडली. ती सापडल्यावर आम्ही दाराची वरची फळी कापली.

आता गाडीत चढायला दुधाचा क्रेट लागतो. टिलीला उचलून ठेवतो, आणि तिचं वजन माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. वेगाचा काटा पंचेचाळीस दाखवतो तेव्हा गाडी खरी चौपन्नला असते. हे मला पोलिसाने सांगितलं. पण काल बर्फ वितळलं तेव्हा मी खालच्या ओढ्यापर्यंत चिखलातून गेलो आणि परत आलो. एकदाही अडकलो नाही, आर्डिस. एकदाही नाही!

बाकावर भेटतो म्हणून सांग व्हर्नाला. कागद संपला.

सेल्मर


बिलिंग्ज
९ एप्रिल

प्रिय सेल्मर,

हसता हसता माझा चहा सांडला. बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी हसलं.

पाऊस येणार म्हणतात, तीन दिवस. शहाणपणा करून पैज सोडून दे म्हणणार होते, पण तू ऐकणार नाहीस. क्रेटवरून सांभाळून उतर. रविवारी दुपारभर मी फोनजवळ आहे.

या वेळी पत्राच्या शेवटी काही लिहिलं नाहीस. घाईत असशील.

आर्डिस


रँचवरून
१६ एप्रिल

प्रिय आर्डिस,

व्हर्नाचा फोन आला असेलच. ती काहीही सांगो, खरं काय ते मी लिहितो.

तीन दिवस पाऊस झाला. रात्री गोठलंही नाही, म्हणजे पहाटेचा कडक रस्ताही मिळाला नाही. सकाळी साडेआठला निघालो, बूट चकचकीत, टिली शेजारी. आर्डिस, तू हवी होतीस गं! जिथे गेल्या वर्षी मी कमरेपर्यंत अडकलो होतो तिथून गाडी म्हशीसारखी डुलत, शांतपणे निघून गेली. मी एकटाच मोठ्याने गायला लागलो. टिलीने कान पाडले.

सहाव्या मैलावर पाहतो तर पाद्र्यांची छोटी निळी गाडी नाक खाली करून खड्ड्यात. शेजारी ते स्वतः, गुडघ्यापर्यंत मातीत, छातीशी ईस्टरच्या लिलीची कुंडी धरून. पलीकडच्या रँचवर एक आजी अंथरुणाला खिळलेली आहे, तिला ते सकाळी प्रार्थना सांगून येत होते. घड्याळात सव्वानऊ.

मी काच खाली केली. “पाद्रीबाबा, ओढून काढू का?”

तर म्हणतात, “नको, कशाला त्रास!”

आर्डिस, महिला मंडळाने त्यांना शिकवून तयार केलंय! मी क्रेट खाली टाकला, उतरलो, जवळ गेलो. पुन्हा विचारलं. चिखलात आणखी दोन इंच खाली जात ते म्हणाले, “नको, खरंच नको. तुमचा खोळंबा होईल.” आणि माझ्याकडे असे बघायला लागले की आता तिसरं कधी येतंय! तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे बिचारे म्हणाले, “बरं मग, तुमचा आग्रहच आहे तर.”

साखळी दोनदा सुटली. त्यांची गाडी निघाली, पण तिचं पुढचं एक चाक वाकडं झालं होतं, म्हणून हमरस्त्यापर्यंत ओढत न्यावी लागली, माणूस चालतो त्या वेगाने. मग त्यांना माझ्या गाडीत चढवलं. टिली त्यांच्या मांडीवर, लिली टिलीच्या डोक्यावर. चर्चला पोचलो तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

व्हर्ना म्हणते तू हरला नाहीस, कारण पाद्रीच तुझ्या गाडीत म्हटल्यावर प्रार्थना तुझ्याआधी सुरू होणार कशी? ऑर्डीनचंही तेच. सगळं चर्च माझ्या बाजूने होतं, आणि प्रार्थनेनंतरच्या जेवणात सगळा हॅम मला वाढला. पण आपलं ठरलं होतं अकराच्या घंटेला, बाकावर, बूट पुसलेले. अकराची घंटा झाली तेव्हा मी रस्त्यावर होतो, आणि बूट तर बघवत नव्हते. मी हरलो. चाकं नाही हरली, मी हरलो. गाईंची यादी ऑर्डीनला दिली आहे. टिली तुमच्या इमारतीत चालेल का, तेवढं विचारून ठेव. नसेल चालत तर मला आधी सांग, एकदम सांगू नकोस.

तर विचार आता तुझं तिसऱ्यांदा. मी नाही म्हणणार नाही.

बाकी ठीक. बारा वासरं झाली, सगळी उभी आहेत. पिटुनियांचं चाक आग्नेयेला टाकलंय, माती भरली आहे. कधी सवड झाली तर इकडे ये. खोली रिकामीच आहे.

सेल्मर


बिलिंग्ज
२० एप्रिल

प्रिय सेल्मर,

नाही विचारणार.

आता नीट बसून वाच. सव्वीस फेब्रुवारी: ‘कधी सवड झाली तर इकडे ये.’ सतरा मार्च: ‘सवड झाली तर ये इकडे.’ सोळा एप्रिल: ‘कधी सवड झाली तर इकडे ये.’ तिन्ही पत्रं समोर घेऊन बसले आहे. तुला सवयीने लिहिण्याची खोड आहे हे मला माहीत आहे, पण आईने सवयीचं वेगळं आणि मनापासूनचं वेगळं असं काही शिकवलं नव्हतं. तीनदा विचारलंस. पहिल्या दोन वेळा मी चांगल्या घरच्या लेकीसारखी गप्प बसले. आता नाही म्हटलं तर आई वरून चप्पल फेकेल.

खरं सांगते. ही इमारत जानेवारीतच विकली गेली. पाडून पार्किंग करणार आहेत. एक मेच्या आत सगळ्यांनी निघायचं. सातव्या मजल्यावर आता मी एकटीच आहे. खोकी मी तुझ्यासाठी भरत नव्हते रे, माझीच भरत होते, आणि ती घेऊन कुठे जायचं ते माहीत नव्हतं. तू इथे आलास तर दोघांत एखादं लहान घर भाड्याने घेऊ, असं मनात होतं. ‘मला जागा नाही, मला घे’ असं धाकट्या भावाला सांगायला जीभ रेटेना. म्हणून तुझी काळजी करत बसले. काळजीही खरीच होती, हे लक्षात ठेव.

दर पत्राच्या शेवटची ती ओळ मी आधी वाचायचे. एका पत्रात नव्हती, तर चार दिवस मला काही सुचलं नाही.

गाईंची यादी ऑर्डीनकडून परत घे. शनिवारी, अठ्ठावीसला, मी बसने येते. ऑर्डीन मला हमरस्त्यावर तुझ्या पत्रपेटीपाशी सोडेल. खोकी एकोणीस आहेत. तुझ्या त्या गाडीच्या डोंगरावर मी पंचाहत्तराव्या वर्षी चढणार कशी, ते तू बघ. दुधाच्या क्रेटवर मी पाय ठेवणार नाही.

आर्डिस


रँचवरून
२४ एप्रिल

प्रिय आर्डिस,

पत्र गाडीतच वाचलं, पत्रपेटीपाशी. टिलीने तोंड चाटलं, का ते तू समजून घे. अगं वेडे, जानेवारीतच का नाही सांगितलंस? मी हाताने घर बांधून दिलं असतं तुला. आणि मी मूर्ख, दोन महिने तुझ्यापासून वाचायला चाकं कापत बसलो!

यादी परत आणली. ऑर्डीनने ती घडीही न मोडता खिशात ठेवली होती.

पूर्वेकडची खोली झाडली. खिडकीची काच बदलली. आजच्या दिवसात गाडीला तुझ्या बाजूला पायऱ्या जोडून घेतल्या, लोखंडी, तीन. वर धरायला दांडा आहे, जुन्या नळाचा. मी स्वतः वीस वेळा चढून उतरलो, टिली तर आता उतरायलाच तयार नाही. पाऊस पुन्हा यायचा आहे, शनिवारी चिखल असेल. असू दे. माझी गाडी येईल.

एकच सांगून ठेवतो. घरी पोचलीस की मी कॉफी विचारीन, आणि एकदाच विचारीन. दोनदा नको, तिसऱ्यांदा हो, हे पाहुण्यांचं. तू पहिल्याच वेळी हो म्हण.

सेल्मर